दमट हवेतला जुना वस्तरा: पातं, पाचर आणि नवी मूठ

गोव्यात एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली की कपाटाच्या खणात, दाढीच्या ब्रशाशेजारी, मिटलेला वस्तरा हाती लागतो. कधी तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुलपं-किल्ल्यांच्या ढिगात दिसतो. न्हाव्यांनी अर्ध्या ब्लेडचा उस्तरा धरला तेव्हापासून हे घडीव पात्याचे वस्तरे खणात गेले, ते तिथेच राहिले. त्यातले बरेच आजही दाढीला लावण्याजोगे होतात, पण काम कुठून सुरू करायचं हे ठरवूनच हात घालावा लागतो. बहुतेक जण आधी पॉलिश पेपर घेऊन पातं चकचकीत करतात, मग मूठ बघतात आणि धार सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी धारेजवळचं पोलाद तपासायचं, मग मुठीची मापं, आणि चकाकी शेवटी, तीही पात्याला झेपेल तेवढीच. घासून काढलेलं पोलाद परत येत नाही. मूठ वाकडी बसली तर उत्तम लावलेली धारही वस्तरा मिटताना एका क्षणात जाते.

आधी वस्तूची ओळख. पात्याची जाड कडा म्हणजे पाठ, तिच्यासमोर धार. पात्यामागचा जाड, धार नसलेला भाग म्हणजे मान. तिच्यात खिळ्याचं भोक असतं आणि तिच्या टोकाला बोटासाठी शेपटी. मूठ दोन पट्ट्यांची. एका टोकाला पातं फिरतं तो खिळा, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये बसवलेली पाचर. पाठीला नुसतं वजनाचं काम नाही. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणून धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साधारण साडेतीन पट असली की कोन सोळा-सतरा अंशांचा येतो. 5/8 इंची पातं म्हणजे सुमारे 16 मिमी रुंद, त्याला पाठ साडेचार मिमीच्या आसपास हवी. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. पाठ घासून फारच चपटी झाली असेल तर कोन पडतो आणि धार कागदासारखी दुमडते. त्यावर उपाय म्हणून पाठीवर इलेक्ट्रिकलच्या चिकटपट्टीचा एक थर लावतात. 16 मिमीच्या पात्यावर एका थराने कोन साधारण एका अंशाने वाढतो.

मानेवरचा शिक्का पुसू देऊ नका, वय तोच सांगतो. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लागणं सक्तीचं झालं, त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं कोरलेलं पातं बहुधा 1891 नंतरचं. मुकुटाखाली ‘व्ही आर’ असेल तर ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, म्हणजे 1837 ते 1901 मधलं. इंग्लंडातल्या शेफील्डची जुनी पाती पाचरीसारख्या छेदाची, जड असतात. जर्मनीतल्या सोलिंगनची बरीच पाती दोन्ही अंगांनी आत खोल कोरलेली असतात आणि धारेजवळ इतकी पातळ की नखावर दाबली तर लवतात. ही दुसऱ्या जातीची पाती पॉलिश पेपरने जास्त घासायचीच नसतात.

आता खरी तपासणी. तांबूस गंज वरवरचा असतो, तो निघतो. काळा थर घट्ट बसलेला असतो, पण तोही बहुधा निरुपद्रवी. घात करतात ते खड्डे. धारेपासून दोन-तीन मिमीच्या पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असला, तरी आज ना उद्या धार झिजत तिथवर पोचते आणि तिथे दात पडतो. पात्याच्या मध्यावर किंवा पाठीवर खड्डे असले तर त्यांना हात लावू नका, दाढीला त्यांचा काही त्रास नाही. भेग मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला पातं रॉकेलमध्ये तासभर बुडवा, कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि लगेच खडूची भुकटी हलकेच चोळा. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. ही रेघ धारेला काटकोनात उमटली तर ते पातं शोकेससाठी ठेवा, गालाला लावू नका.

गोव्यात एक सल्ला हमखास मिळतो: माडाच्या विनेगरमध्ये रात्रभर ठेव, गंज निघेल. गंज निघतो हे खरं. पण आम्ल गंज आणि पोलाद यांत फरक करत नाही. ते खड्डे आणखी खोल करतं, सगळं पातं मळकट करड्या रंगाचं होतं, आणि पात्यावरचं सोनेरी मुलाम्याचं नक्षीकाम पहिल्या तासातच उतरू लागतं. कोकम, चिंच, लिंबू यांचंही तेच. जाड गंजासाठी रॉकेल किंवा डब्ल्यूडी-फोर्टी लावून दिवसभर ठेवावं आणि नव्या ब्लेडची धार जवळजवळ आडवी धरून गंज खरवडावा. वेळ लागतो, पण खालचं पोलाद शाबूत राहतं.

मूठ उघडायच्या आधी धार बोथट करून घ्या: काचेच्या पेल्याच्या कडेवरून धार एकदा हलक्या हाताने ओढली की पुरे. नाहीतर पुढच्या कामात बोटं सुटत नाहीत. जुनी मूठ ठेवायची असेल तर खिळ्याचं पसरलेलं डोकं बारीक कानशीने वायसरच्या पातळीपर्यंत झिजवा, भोवती चिकटपट्टी लावा म्हणजे कानस घसरून ओरखडा पडणार नाही. मग पट्टीला खालून लाकडाच्या ठोकळ्याचा आधार द्या, ठोकळ्यात खिळ्याखाली भोक ठेवा, आणि दीड मिमीच्या पंचने खिळा सरळ खाली काढा. आधार न देता ठोकलं की जुनं शिंग खिळ्यापासून टोकापर्यंत उभं चिरतं.

जुनी मूठ कशाची आहे हे ओळखणं इथे महत्त्वाचं, कारण काही पदार्थ पात्याला खातात. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, अंगठ्याने जोरात चोळून गरम केलं की कापराचा वास येतो. ते खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. मुठीत मिटलेल्या भागावरच गंज, बाहेरचा भाग स्वच्छ, आणि पितळी खिळ्यांवर हिरवट थर असं दिसलं तर कारण हेच. ती मूठ वाचवायचा प्रयत्न करू नका आणि दुसऱ्या वस्तऱ्यांजवळ ठेवू नका. ती भडकन पेटते, म्हणून सुईने डागून परीक्षा करायची नाही आणि कोरडी घासायचीही नाही. जुन्या इंग्रजी वस्तऱ्यांत पाचर शिशाची असते. दमट हवेत शिसं पांढऱ्या भुकटीसारखं फुगतं आणि शिंगाच्या पट्ट्यांची टोकं आतून फोडतं. ती भुकटी विषारी आहे. हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसावी, उडवू नये. हस्तिदंती मूठ असेल तर तिच्या खरेदी-विक्रीच्या फंदात पडू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो व्यवहार बंद आहे. त्याच कायद्याखाली गव्याची आणि सांबराची शिंगंही नव्या मुठीला चालत नाहीत, कुणी रानात सापडली म्हणून आणून दिली तरीसुद्धा.

पात्याची सफाई थोडक्यात सांगतो. पातं सपाट लाकडी ठोकळ्यावर डबल साइड टेपने चिकटवा, धार ठोकळ्याच्या आतच राहील असं. वॉटर पेपर 400, 600, 800, 1000, 1500, 2000 या क्रमाने, साबणाच्या पाण्यात भिजवून, बुचाच्या तुकड्याभोवती गुंडाळून चालवा. पुढचा नंबर घ्यायच्या आधी मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेलेच पाहिजेत, नाहीतर ते 2000 वर चमकून दिसतात. 220 फक्त मानेसाठी आणि पाठीच्या वरच्या कडेसाठी. मोटरवरच्या बफने पातळ धारेजवळ उष्णता झटकन चढते. फिकट पिवळी झाक दिसली म्हणजे पोलाद 220 अंशांच्या आसपास पोचलं, निळी दिसली म्हणजे 300 च्या जवळ. निळ्या झालेल्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, तिथे पुन्हा धार टिकणार नाही. हातानेच केलेलं बरं.

आता मूठ. हा माझ्या आवडीचा भाग.

लाकूड निवडताना शोभेपेक्षा स्वभाव बघावा. मिरगापासून चवथीपर्यंत इथलं लाकूड पाणी ओढतं आणि फुगतं, डिसेंबरनंतर सुकतं. तीन मिमीची पट्टी अशा वेळी धनुष्यासारखी वाकते. जुन्या शिसवी खुर्चीचा मोडका पाय किंवा हात सुताराकडे मिळाला तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही: ते लाकूड कित्येक पावसाळे बघून स्थिर झालेलं असतं आणि त्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही. शिसवीची भुकटी नाका-डोळ्यांना झोंबते, मास्क लावा. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसावं लागतं. फणसाचा पिवळा रंग सुंदर दिसतो, पण तो पुढे तपकिरी होतो हे धरून चाला. माडाच्या खोडाचा फक्त बाहेरचा काळपट, घट्ट भाग घ्यायचा, गाभा भुसभुशीत असतो. त्यातले काळे तंतू कापताना उपटून येतात, म्हणून आकार दिल्यावर पातळ फेव्हीक्विक जिरवून मग घासावं. म्हशीचं शिंग या सगळ्यांत दमट हवेला उत्तम. वाकलं तर उकळीच्या जवळपास गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून दोन सपाट पट्ट्यांत दाबायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडायचं नाही. शिंगाला कीड लागते, तेवढं लक्ष ठेवावं.

मूठ साधारण 150 मिमी लांब असते. पण आकडा पात्यावरून काढावा. पुठ्ठ्यावर पातं ठेवून बाहेरची रेषा काढा. खिळ्याच्या भोकापासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, समजा ते 114 मिमी आलं. फिरत्या खिळ्यापुढे पट्टीचं टोक 10 मिमी. पात्याच्या टोकापुढे 7-8 मिमी मोकळी जागा. त्यापुढे 12 मिमीची पाचर, मग टोकाचा गोलावा. पुठ्ठ्याच्या पट्टीला आणि पात्याला एकच टाचणी लावून पातं उघड-मीट करून बघा. टोक पाचरीला शिवत असेल तर ते पुठ्ठ्यावरच कळतं.

पट्ट्या 4 मिमी जाड कापा, डबल साइड टेपने एकमेकींना चिकटवा आणि दोघींना एकदमच भोकं पाडा आणि आकार द्या. भोक 1/16 इंची ड्रिलने, ड्रिल स्टँडमध्ये. हातातल्या ड्रिलने भोक एक अंश जरी तिरकं गेलं, तरी पात्याच्या टोकाशी तो फरक दोन मिमीचा होतो आणि धार एका पट्टीला घासते. नव्या मुठीत धार बिघडण्याचं हे सर्वांत मोठं कारण. आकार झाल्यावर पट्ट्या सोडवा आणि मधल्या भागात अडीच ते तीन मिमीपर्यंत उतरवा, टोकांना किंचित जास्त पातळ.

पॉलिश आतल्या बाजूलाही तेवढंच हवं, आणि ते मूठ जोडायच्या आधी. एकच बाजू बंद केली की उघड्या बाजूने पाणी शिरतं आणि पट्टी वाकते. पावसात लाख पॉलिश करू नका, ते पांढुरकं धरतं. फेव्हीक्विकचे पातळ सात-आठ थर, मधून मधून 1000 च्या पेपरने घासून, पाण्याला चांगले टिकतात. जवसाचं तेल सुंदर दिसतं, पण इथे सुकायला आठवडे घेतं. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात म्हणून मुठीला लावायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका: त्याने कातडीवर फोड येतात, आणि ही वस्तू तोंडाशी धरायची आहे.

पाचर दिसायला क्षुल्लक, पण मूठ बिघडते किंवा जमते ती इथे. मानेशी पट्ट्यांमधलं अंतर मानेच्या जाडीएवढं, समजा साडेचार मिमी. पाचरीशी ते 2 मिमी ठेवायचं असेल तर पट्ट्या एकमेकींकडे झुकत येतात, म्हणजे पाचरीलाही तोच उतार हवा. सुमारे 125 मिमीत अडीच मिमी, म्हणजे 12 मिमीच्या पाचरीत जवळजवळ पाव मिमी. पात्याकडचं टोक 2 मिमी, बाहेरचं पावणेदोन. हा पाव मिमी सपाट काचेवर चिकटवलेल्या 400 च्या पेपरवर, बोटाचा दाब एका टोकाला जास्त देत काढायचा आणि दर दहा-बारा ओढींनी मोजायचं. पाचर पट्ट्यांत धरून खिडकीच्या उजेडासमोर बघा. कुठेही प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. फट राहिली तर खिळा ठोकताना पट्टी त्या फटीत दाबली जाते आणि टोकाशी चिरते. पाचर शिंगाची, हाडाची किंवा पितळेची करा, शिसं नको.

खिळ्यासाठी 1.6 मिमीची पितळी तार सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते. पितळी वायसर घुमटाकार घ्या. आधी पाचरीचा खिळा, मग फिरता. फिरत्या खिळ्यावर मान आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी अगदी पातळ वायसर घातला तर पातं सरळ फिरतं आणि लाकूड झिजत नाही. घालणार असाल तर पाचरीचा उतार काढताना त्याची जाडी मानेच्या जाडीत धरा. तार वायसरच्या वर 0.8 मिमी, म्हणजे तारेच्या जाडीच्या निम्मी, बाहेर ठेवा. जास्त ठेवली की ती पसरण्याऐवजी आतल्या आत वाकते. शंभर ग्रॅमच्या आतली गोल तोंडाची हातोडी, खाली छोटी ऐरण, आणि टकटक इतकेच हलके घाव, खिळ्याच्या मध्यावर नाही तर कडेने गोल फिरवत. आठ-दहा घाव एका बाजूला, मग पलटून तेवढेच दुसऱ्या. दर पलटीला पातं उघड-मीट करून बघा. अर्धवट उघडलेलं पातं तिथेच थांबलं आणि करंगळीच्या जोराने हललं की थांबा. घट्ट झालेला खिळा सैल करता येत नाही, कापून नवाच घालावा लागतो.

मिटलेला वस्तरा आता पाठीकडून बघा. पाठ दोन्ही पट्ट्यांना सारखी टेकलेली, धार मधोमध अधांतरी. एका बाजूला कलली असेल तर आधी पाचर तपासा, मग भोक. खिळ्यावर आणखी ठोकून कल जात नाही.

धार लावायला निसणा, म्हणजे धारेचा दगड, आधी सपाट हवा. काचेवर 400 चा वॉटर पेपर, निसण्यावर पेन्सिलच्या रेघा, आणि सगळ्या रेघा पुसेपर्यंत घासा. 1000 च्या दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, वजन न देता ढकलायचं. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा. टोकापासून मागपर्यंत दोन्ही बाजूंची शाई एकसारखी गेली की दगड सगळीकडे लागतोय. मनगटाचे केस पूर्ण लांबीवर सहज कापले जात नाहीत तोवर 1000 सोडू नका. पुढचे दगड इथली उणीव भरून काढत नाहीत. मग 4000, 8000, जमल्यास 12000. सोनाराच्या 10 पटींच्या भिंगातून धारेवर चमकणारा ठिपका दिसला तर तिथे दात आहे, परत 1000 वर या. शेवटी पट्टा: कापडावर तीस, चामड्यावर साठ फेऱ्या, इथे धार मागे आणि पाठ पुढे, आणि वळवायचं ते पाठीवरून. धारेवरून वळवलं की पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. पहिल्या दाढीआधी पातं आणि मुठीची आतली बाजू 70 टक्के स्पिरिटने पुसा.

राहता राहिलं ते ठेवणं. दाढी झाल्यावर पातं पुसून चामड्यावर पाच-सहा फेऱ्या द्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ओलावाही जातो. मग शिलाई मशीनच्या तेलाचा बोटभर पुसट थर. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट डाग धरतं. वस्तरा तासभर उघडाच ठेवून मग मिटा. चामड्याच्या किंवा स्पंजच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. न्हाणीघरात तर अजिबात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी टाका. पुडी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये 120 अंशांवर निळी होईपर्यंत सुकवायची. जुलैत हे आठवड्याला करावं लागतं, जानेवारीत महिनाभर बघितलं नाही तरी चालतं.